नाही समजलं तर हात वर करा

एप्रिल लागला की आमच्या बोरगाव मेघेत कूलर बाहेर निघतात. कोणी अंगणात टाकी खरवडत असतं, कोणी जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या नव्या बसवत असतं, आणि पहिलं पाणी ताटीवरून उतरलं की त्या ओल्या वासाने अख्खी गल्ली जरा वेळ माणसात येते. आमच्याकडे कूलर लावण्याचं काम नवऱ्याचं आणि त्याच्यावर संशय घेण्याचं काम माझं. तो म्हणतो, दाब बटण. मी आधी पायात चप्पल घालते, मग कूलरच्या पत्र्याला उलट्या हाताने, नुसत्या बोटांच्या पाठीने शिवून बघते. करंट असला तर उलटा हात झटक्याने मागे येतो. सुलट्या हाताने धरलं तर मूठच आवळली जाते, सुटत नाही. आईने शिकवलेलं हे. ती भेंडीचं टोक मोडल्याशिवाय भेंडी घ्यायची नाही आणि पाहुण्याने दोनदा स्तुती केली की तिसऱ्यांदा काय मागणार याचा अंदाज बांधायची. मी तिच्यावर गेले आहे, असं सगळे म्हणतात. कौतुकाने म्हणतात असं नाही.

यंदा कूलर लागला त्याच सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर निरोप आला. ‘अध्यापनात कृत्रिम बुद्धिमत्ता : प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा. सर्व प्राध्यापकांची उपस्थिती अनिवार्य.’ खाली भराभर नमस्काराचे हात उमटले. मी काही उमटवलं नाही. थोड्या वेळाने प्राचार्यांचा मला वेगळा फोन आला. “मॅडम, मागच्या वर्षी त्या वैशाली मॅडमनी फार छान काम केलं होतं. तुमचं बोलणं असतं ना त्यांच्याशी? विचारा जरा, दोन दिवस मदतीला येतील का.” बघते, म्हणाले. आणि तो फोन आज करू, उद्या करू म्हणत पुढे ढकलत राहिले.

कारण मागचा एप्रिल अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तेव्हाही असंच होतं. सकाळच्या पाळीचे पेपर, दुपट्ट्याने तोंडं बांधून येणाऱ्या मुली, दारातल्या माठाभोवती सांडलेलं पाणी, आणि परीक्षेच्या हॉलच्या खिडकीतून आत येणारा कडूनिंबाच्या मोहराचा कडवट-गोड वास. पर्यवेक्षण करताना तो वास आला की झोप येते. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावाचं. पेपर संपले की दुपारी कुत्रंही फिरकत नाही. त्या दुपारी आम्हाला हॉलमध्ये बसवलं होतं. दोन मोठे कूलर सुरू. त्यांच्या आवाजात प्रशिक्षकांचं अर्धं बोलणं वाहून जायचं. मागच्या रांगांना वारा मिळायचा, पुढच्यांना ज्ञान.

प्रशिक्षक पुण्याहून आलेले, तरुण, नम्र. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, तरी चेहऱ्यावरचं हसू ढळत नव्हतं. त्यांनी पडद्यावर दाखवलं की आपला अभ्यासक्रम, आपल्या नोट्स आणि आपल्या एका तासाचं ध्वनिमुद्रण या यंत्राला दिलं की ते आपल्या विषयाचा ‘सहायक’ तयार करतं. मग विद्यार्थ्याने फोनवरून काहीही विचारावं, केव्हाही विचारावं, सहायक उत्तर देणार. आणि बोलणार आपल्याच पद्धतीने. “हे तुमची जागा घेणार नाही,” ते म्हणाले, “फक्त तुमचा वेळ वाचवणार.”

दुपारी जेवणात जिलबी होती. आमच्या कॉलेजात प्रशिक्षण म्हणजे पोहे आणि चहा. जिलबी बघितली आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी इतिहास शिकवते. कोणताही कागद समोर आला की तो कोणी लिहिला, कोणाच्या सांगण्यावरून लिहिला आणि लिहिणाऱ्याला काय हवं होतं, हे आधी विचारायचं, असं मुलांना सांगता सांगता माझी जीभच तशी वळली आहे. वर्गात ही सवय शोभते. स्टाफरूममध्ये तिला खवचटपणा म्हणतात. जेवण झाल्यावर मी उभी राहिले आणि विचारलं, “सर, आमच्या नोट्स एकदा आत गेल्या की त्या कोणाच्या?” ते म्हणाले, तुमच्याच, मॅडम. “आणि वाचलेला वेळ कोणाचा?” ते हसले. “संशोधन करा ना, मॅडम!” हॉल हसला. मी बसले. माझ्या शेजारी वैशाली बसली होती. ती हसली नाही, कारण ती ऐकतच नव्हती. तिने तेवढ्यात यंत्राला काहीतरी विचारलं होतं आणि डोळे मोठे करून उत्तर वाचत होती.

वैशाली भूगोलाची, तासिका तत्त्वावरची. म्हणजे जेवढे तास शिकवायचे तेवढ्याच तासांचं मानधन, उन्हाळ्यात काही नाही, आणि दरवर्षी नवं सत्र सुरू होताना नव्याने मुलाखत. स्टाफरूममध्ये तिला खुर्ची होती, कपाट नव्हतं. तिची पुस्तकं माझ्या कपाटात असायची. वडनेरहून बस धरून यायची, कडेवर लेक असताना आली, लेक शाळेत जायला लागली तरी तशीच येत होती. दरवर्षी जूनमध्ये तीच मुलाखत, तीच फाईल, त्याच लोकांसमोर, जणू कोणी तिला कधी पाहिलंच नव्हतं.

तिचा तास मात्र बघण्यासारखा असायचा. त्याच मोसमात, पेपरांच्या थोडं आधी, ती मुलांना पवनारला घेऊन गेली होती. बसमध्ये जागा होती म्हणून मीही गेले. धाम नदीला पाणी कमी, दगड तापलेले, काठावर कपडे धुणाऱ्या दोघीतिघी. नदी वळते तिथे एका काठाला ती माती का खाते आणि समोरच्या काठाला रेती का टाकते, हे तिला शिकवायचं होतं. तिने फळा नाही, चित्र नाही, काहीच आणलं नव्हतं. मुलांना रेतीत हात धरून एका ओळीत उभं केलं आणि म्हणाली, “आता सगळे मिळून वळा. हात नाई सुटला पायजे.” ओळ वळली. आतल्या टोकाचा मुलगा जागच्या जागी फिरला, बाहेरच्या टोकाच्या मुली दुपट्टे सावरत धावत सुटल्या. सगळे धापा टाकत हसत होते.

“कोण धावलं?” वैशालीने विचारलं. “बाहेरचं धावलं. धावतं पाणी काठ खाते. अन् आतलं? थे थांबलं. थांबलं त हातातली रेती टाकून देते. समजलं? नाई समजलं त हात वर करा. मी पाहून राह्यली.”

हे तिचं पालुपद. प्रत्येक मुद्द्याशेवटी. आणि ती खरंच बघायची. एखादा हात वर आला की त्या मुलापर्यंत चालत जायची आणि तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगायची. वर्गात हात वर करणाऱ्याला कोणी हसलं तर त्या हसणाऱ्याला पुढे येऊन शिकवावं लागायचं, हा तिचा नियम होता. परतताना बसमध्ये तिने मला पुढच्या सीटवरची एक बारीकशी मुलगी दाखवली. पहिल्या वर्षाची पल्लवी. “मॅडम, ह्या पोरीले नाई समजलं ना, त हिचा हात कोपरापर्यंत येते अन् खाली जाते. वर्षभर पाहून राह्यली मी. एक दिवस पूरा वर येईन पाहा.” खिडकीतून गरम वारा येत होता आणि ती त्या मुलीच्या पाठमोऱ्या वेणीकडे बघत बोलत होती. मी माझ्या वर्गातल्या कोणत्या मुलीच्या हाताकडे इतकं बघितलं असेल, हे मला आठवेना.

तर प्रशिक्षण. आठवडाअखेर प्रत्येकाने आपापला सहायक तयार करून दाखवायचा, तरच प्रमाणपत्र. आणि इथे आमच्या कॉलेजची जुनी रीत आडवी आली. आमच्याकडे कॉम्प्युटरचं काही निघालं की ते तासिकावाल्यांकडे जातं. समितीची फाईल असो, निकालाचा तक्ता असो, की कुणाच्या मुलाचा ऑनलाइन अर्ज असो. हुकूम नसतो, विनंती असते, आणि नाही म्हणायची सोय नसते. दुसऱ्याच दिवशी वाणिज्यचे ढोके सर खुर्ची ओढून वैशालीजवळ येऊन बसले. सर भले माणूस, निवृत्तीला आलेले, फोनवर बोट ठेवतानाही चष्मा शोधणारे. “वैशाली मॅडम, माह्यंवालंबी करून द्या ना. तुमाले जमते. मले हे बटनं पाह्यलं का घाम फुटते.” मग अर्थशास्त्र आलं, मग गृहअर्थशास्त्र, मग इंग्रजी. तिने कोणाला नाही म्हटलं नाही.

माझं मी केलं. यंत्राला नुसता अभ्यासक्रम दिला, नोट्स दिल्या नाहीत, आवाज दिला नाही. माझा सहायक ग्रामपंचायतीच्या सूचनेसारखा बोलायला लागला. प्रशिक्षक म्हणाले, मॅडम, यात तुम्ही कुठे दिसत नाही. मी म्हटलं, छान झालं.

तिच्याशी मात्र मी भांडले. चौदा एप्रिलच्या जयंतीची सुट्टी होऊन गेली होती. मिरवणुकीत आणि सभेत बोलून तिचा घसा बसला होता, आणि त्या बसलेल्या घशाने ती रिकाम्या वर्गात उभी राहून नदीच्या वळणाचा तास फोनवर ध्वनिमुद्रित करत होती. रिकाम्या बाकांसमोरही शेवटी म्हणाली, नाही समजलं तर हात वर करा. ध्वनिमुद्रण थांबल्यावर मी आत गेले.

“वैशाली, सगळं कशाला देतेस? थोडं हातचं राख.”

“काऊन?”

“उद्या म्हणतील, नोट्स आहेत, आवाज आहे, आता बाई कशाला पाहिजे.”

ती बाकावर बसली. “मॅडम, तुमी परमनंट हा. तुमी नाई दिलं त म्हणतीन, मॅडमचा स्वभावच तसा हाय. मी नाई दिलं त म्हणतीन, हिले येत नाई. मंग जूनमंधी काय सांगू?” मग तिचा चेहरा जरा उजळला. “अन् खरं सांगू का? मले आवडून राह्यलं हे. काल त्यानं धाम नदीचं चुकीचं सांगितलं. मी सांगितलं, असं नाई, असं हाय. त बराबर केलं त्यानं. शिकून राह्यलं थे.”

“तुझ्याकडून,” मी म्हटलं.

“मंग? शिकवाचंच काम हाय ना माह्यं?”

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की मला तिचा राग आला, आणि तिच्यासाठी भीतीही वाटली. त्या सगळ्या हॉलमध्ये त्या यंत्राशी मनापासून बोलणारी ती एकटी होती. आम्ही बाकीचे एकतर घाबरलो होतो, नाहीतर टाळत होतो. आणि तिनेच उघड्या हाताने ते धरलं होतं.

शेवटच्या दिवशी सगळ्यांचे सहायक पडद्यावर आले. आधी भूगोल. प्रश्न विचारला, उत्तर आलं, टाळ्या पडल्या, आणि उत्तराच्या शेवटी यंत्राच्या सपाट आवाजात आलं, “नाही समजलं तर हात वर करा. मी पाहते आहे.” हॉल हसला, प्रशिक्षक खूश झाले. मग ढोके सरांचा वाणिज्य सहायक. ताळेबंद समजावून सांगितला आणि शेवटी, “नाही समजलं तर हात वर करा. मी पाहते आहे.” ढोके सर चष्म्यातून पडद्याकडे बघतच राहिले. “अरे, मी पाहते आहे?” मग अर्थशास्त्र. मग गृहअर्थशास्त्र. माझा सोडून सगळे वैशालीसारखे बोलत होते. झालं असं होतं की प्रत्येकाने आपल्या एका तासाचं ध्वनिमुद्रण द्यायचं होतं आणि कोणालाच त्यासाठी वेळ नव्हता. आवाज म्हणून काहीतरी लागेल, तर तुमचंच टाका, असं सगळ्यांनी तिला सांगितलं होतं. तिने टाकलं. अख्ख्या कॉलेजला एका तासिकावाल्या बाईची लकब लागली, आणि प्रमाणपत्रांवर नावं आमची आली. त्या दिवशी मीही पोट धरून हसले. वैशाली तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

जूनमध्ये नवं वेळापत्रक लागलं. त्यात काही तासांपुढे ‘स्वयंअध्ययन, सहायकाच्या मदतीने’ असं लिहिलं होतं. भूगोलाचे असे तास बरेच होते, कारण भूगोलाचा सहायक सगळ्यांत चांगला झाला होता. उरलेले तास भूगोलाच्या कायम असलेल्या सरांना पुरले. वैशाली फाईल घेऊन मुलाखतीला आली. प्राचार्यांनी तिला चहा दिला, तिच्या कामाची स्तुती केली, दोनदा केली, आणि म्हणाले, यंदा बघू, गरज पडली तर नक्की बोलावू. ती माझ्या कपाटातली पुस्तकं घेऊन गेली. एका पिशवीत मावली नाहीत म्हणून मी माझी पिशवी दिली.

कोणी म्हणालं नाही की यंत्रामुळे. तसा कागद कुठे नाही. विचारलं तर सांगतात, विद्यार्थी कमी झाले, कार्यभार कमी झाला, वरून सूचना आहेत. सगळं खरंही असेल. मी इतिहासाची बाई, पुराव्याशिवाय बोलू नये. पण माझी खात्री आहे, आणि ती मी इथे लिहून ठेवते. आम्हाला त्या आठवड्यात शिकवायला बोलावलं नव्हतं. आमच्याकडून घ्यायला बोलावलं होतं. ज्यांची नोकरी जाणार नव्हती त्यांनी काही दिलं नाही. जिच्याकडे फक्त तिचं शिकवणं होतं तिने ते सगळं दिलं, आणि तेच कारणी लागलं. याचा मला अजून संताप येतो. भांडी घासताना येतो, बसमध्ये येतो.

संशयी माणसानेही खरं ते सांगावं, म्हणून हेही सांगते. सहायक वाईट नाही. लांबच्या खेड्यातल्या मुली घरची कामं उरकून त्याला विचारतात, आणि तो न रागावता पुन्हा पुन्हा सांगतो. मी तेवढ्यांदा सांगितलं नसतं. पण न रागावणं आणि बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैशाली रागवायची. आता ती वडनेरला घरीच शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेते. मधूनमधून फोन करते, लेकीचं सांगते, आणि शेवटी हळूच विचारते, “कॉलेजात काय चाललं, मॅडम?” मी काहीबाही सांगते.

प्राचार्य त्या दिवशी फोनवर आणखी एक म्हणाले होते, जे मी वर लिहिलं नाही. “ते ‘हात वर करा’ सगळ्याच विषयांत येतं, मॅडम. बाहेरचे लोक हसतात. त्यांनीच टाकलंय, त्यांनाच नीट काढता येईल.” म्हणजे तिने दोन दिवस यायचं होतं ते स्वतःला तिथून पुसून काढायला. हा निरोप मी तिला कसा देणार होते?

परवा दुपारी वाचनकक्षात माझी पाळी होती. दुसऱ्या दिवशी भूगोलाचा पेपर. कूलरसमोरच्या टेबलाभोवती पाचसहा मुली दाटीने बसल्या होत्या, मध्ये एक फोन. सहायक बोलत होता. नदीचं वळण, बाह्य काठाची झीज, अंतर्गत काठावरचं संचयन. एकेक वाक्य नेटकं होतं, परीक्षेत लिहिलं तर पूर्ण गुण मिळावेत असं. पवनारची रेती आणि धावणाऱ्या पोरी त्यात कुठे नव्हत्या. त्या वैशालीने बोलून सांगितल्याच नव्हत्या, करून दाखवल्या होत्या. आणि शेवटी ते नेहमीचं. “नाही समजलं तर हात वर करा. मी पाहते आहे.”

मुली खुदखुदल्या. वर्षभर त्या या वाक्याला हसतात. मग एकदम गप्प झाल्या, म्हणून मी मान वर केली. पल्लवीने हात वर केला होता. पवनारहून परतताना बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर बसलेली तीच. ती आता दुसऱ्या वर्षाला आहे. फोनचा पडदा काळा झाला तरी तिचा हात तसाच होता. ती गंमत करत नव्हती.

मी उठून तिच्याजवळ गेले. “काय नाही समजलं?”

“तिथं खेळलो तेव्हा समजलं होतं, मॅडम. आता ह्याचे शब्द आयकले त सगळं गेलं. पाणी थांबते काऊन, तेच नाई समजून राह्यलं.” तिने त्या बंद फोनकडे बघितलं. “हा धडा सहायकाच्याच तासातला. विचाराचं कोणाले?”

मला भूगोल येत नाही. मी पर्समधून फोन काढला आणि आठवडाभर न केलेला फोन तिथेच, सगळ्यांसमोर केला. वडनेरला दुसऱ्याच रिंगला उचलला गेला.

“मॅडम?” तिच्या आवाजात ती आशा होती, जी प्रत्येक फोनला असते. “कॉलेजातून काही...?”

“नाही गं. वाचनकक्षात आहे. एका मुलीला तुझं नदीचं वळण समजलेलं नाही. तो सहायक हात वर करा म्हणाला, आणि तिने खरंच हात वर केला.”

पलीकडे शिकवणीच्या मुलांचा गलका होता. तिने त्यांना गप्प केलं.

“कोणाचा हात हाय?”

“पल्लवीचा.”



“कोपरापर्यंत, का पूरा वर?”

“पूरा वर.”

“फोन द्या तिले,” वैशाली म्हणाली. मी फोन पल्लवीच्या हातात दिला.